नऊ नवके थंडीची

उत्तर चीनमध्ये वसंताची वाट पाहण्यास आरंभ होतो तो थंडी भरात येण्याच्याही आधी, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसापासून, 21 किंवा 22 डिसेंबरपासून. या दिवसापासून नऊ-नऊ दिवसांची नऊ नवके मोजायची आणि एक्याऐंशी दिवस भरले की थंडी सरली असे समजायचे, या रिवाजाचा उल्लेख सहाव्या शतकातील झोंग लिन याच्या 'जिंगछू सुइशी जी' या ग्रंथात आढळतो. मध्य यांगत्से खोऱ्यातील सणवार आणि लोकरूढी हा त्या ग्रंथाचा विषय आहे. मोजणी दिवस वाढू लागताच सुरू होत असली, तरी जमीन आणि हवा यांनी गमावलेली उष्णता सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा आणखी काही आठवडे जास्तच राहत असल्यामुळे, खरा कडाका तिसऱ्या नवकात, सुमारे 9 ते 17 जानेवारी या काळात, जाणवतो. चिनी पंचांगातील ऋतुबिंदू सूर्याच्या प्रत्यक्ष स्थितीवर बांधलेले असल्याने मोजणीचा आरंभदिन शतकानुशतके ऋतूला धरून राहिला. मराठी निरयन पंचांगात मकरसंक्रांत उत्तरायणारंभापासून सुमारे तीन आठवडे पुढे सरकली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे महत्त्व कळते.

राजदरबाराच्या पंचांगाने मात्र वसंत यापेक्षा बराच लवकर आणला होता. वर्षाचे चोवीस भाग पाडणाऱ्या सौर पद्धतीत 4 फेब्रुवारीच्या सुमारास 'लीछुन' म्हणजे वसंतारंभ येतो, आणि तो दिवस पाचवे नवक संपून सहावे लागण्याच्या सांध्यावर पडतो. या प्रत्येक भागाचे पाच-पाच दिवसांचे तीन तुकडे करून प्रत्येकाला निसर्गातील एकेक खूण जोडलेली असे. अशा एकूण बहात्तर खुणा होत्या. लीछुनच्या वाट्याला पूर्वेच्या वाऱ्याने बर्फ वितळणे, जमिनीखाली निजलेल्या जीवांची चुळबुळ सुरू होणे आणि माशांनी बर्फाच्या थराखाली वर येणे, या तीन खुणा आल्या. मुळात त्या पीत नदीच्या खोऱ्यातील निरीक्षणांवर आधारलेल्या असाव्यात. परंतु उत्तर वेई राजवटीच्या काळात, म्हणजे सहाव्या शतकात, त्या अधिकृत पंचांगात गेल्या आणि पुढे साम्राज्याच्या सीमा कुठेही असोत, हवामान कसेही पालटो, तारखांसह नकलल्या जाऊ लागल्या. निरीक्षण म्हणून जन्मलेली गोष्ट अशा रीतीने पाठांतर होऊन बसली.

घरोघरी पाळल्या जाणाऱ्या रिवाजाचे तसे झाले नाही. चौदाव्या शतकात, युआन राजवटीच्या अखेरीस, यांग युनफू या कवीने खिडकीवर चिकटवलेल्या मेई-फुलांच्या चित्राची नोंद केली आहे: घरातील स्त्रिया रोज सकाळी साजशृंगार करताना गालाच्या लालीचा एक ठिपका त्यावर उमटवीत आणि सारी फुले रंगली की थंडी सरली असे मानीत. मेई हे जर्दाळूच्या जवळचे झाड असून ते हिवाळा संपण्यापूर्वीच फुलते. ल्यू थोंग आणि यू यीझेंग यांनी बीजिंगवर लिहिलेल्या 1635 मधील ग्रंथात हाच प्रकार 'थंडी घालवण्याचा तक्ता' म्हणून आला आहे. एक्याऐंशी पाकळ्यांची पांढरी डहाळी काढून रोज एक पाकळी रंगवायची, किंवा नऊ-नऊ वर्तुळांचे नऊ पुंजके छापलेला तक्ता बाजारातून विकत आणायचा. छापील तक्त्यावर नवकांचे गाणेही असे. पुढे रूढ झालेल्या एका पद्धतीत वर्तुळाचा कोणता भाग भरायचा हे त्या दिवसाच्या हवेवर ठरू लागले: ढगाळ असेल तर वरचा, उघडीप असेल तर खालचा, वारा असेल तर डावा, पाऊस असेल तर उजवा आणि बर्फ पडला तर मधला. केवळ दिवस ढकलण्यासाठी काढलेला तक्ता असा हवामानाची नोंदवही झाला, आणि हीच त्याच्या इतिहासातील सर्वांत मोलाची पायरी होय. त्या मानाने छिंग राजवटीच्या दरबारातील, सम्राट दाओग्वांग (कारकीर्द 1820–1850) याच्याशी जोडला जाणारा तक्ता, ज्यात नऊ रेघांची नऊ अक्षरे रोज एक रेघ गिरवून पुरी करायची असत, सुबक असला तरी आकाशाकडे पाहण्याची गरज ठेवत नाही.

नवकांच्या गाण्याचे पाठभेद अनेक असले, तरी उत्तरेकडील पाठांचा क्रम साधारण एकच आहे. पहिल्या दोन नवकांत हात बाहेर काढवत नाहीत आणि पुढच्या दोनांत गोठलेल्या नदीवरून माणसे चालत जातात. पाचव्या-सहाव्या नवकात, म्हणजे थंडी अद्याप हटलेली नसताना, नदीकाठच्या वाळुंजांकडे (विलोच्या झाडांकडे) लक्ष लागते. सातव्यात नदी मोकळी होते, आठव्यात रानहंस परततात आणि मोजणी संपल्यावर शेतात नांगर फिरू लागतो. यातील प्रत्येक खूण शेतकऱ्याला आणि नावाड्याला स्वतः पडताळता येण्याजोगी आहे. बीजिंगच्या घराघरांत रंगवल्या जाणाऱ्या मेईबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण तेथील उघड्या थंडीत हे झाड सहसा तग धरत नसे. फूल दक्षिणेचे, आणि उत्तरेत ते मुख्यतः कागदावर उमलणारे.

ही विसंगती हवामानाच्या इतिहासाचा पुरावा ठरू शकते, हे जू कजन (1890–1974) या हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिले. प्राचीन काव्यात पीत नदीच्या खोऱ्यातील मेईचे उल्लेख सापडतात. अकराव्या शतकात मात्र सू शी हा कवी त्याच भागात मेई नसल्याचे सांगतो आणि वांग आन्शी हा दुसरा कवी उत्तरेकडील लोक मेईला जर्दाळू समजतात अशी थट्टा करतो, यावरून मधल्या काळात तेथील हिवाळे कडक झाले असावेत, असा निष्कर्ष त्याने 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, चीनच्या पाच हजार वर्षांतील हवामानबदलांवरील निबंधात मांडला. झाडे लावणे आणि जपणे हे माणसाच्या आवडीवरही अवलंबून असते, त्यामुळे केवळ या फुलाच्या आधारावर फार भार टाकता येणार नाही. परंतु जूचा आधार तेवढाच नव्हता. 1180–1181 मध्ये जिन्हुआ येथे ल्यू झुछ्यान याने फुले उमलण्याच्या आणि पक्षी-कीटकांच्या पहिल्या आवाजाच्या तारखा टिपल्या होत्या, त्याकडे जूने लक्ष वेधले. च्यांगशीतील संत्र्यांच्या बागा 1654 आणि 1676 च्या थंडीच्या लाटांत नष्ट झाल्याच्या नोंदीही त्याने हाताशी घेतल्या. स्वतः तो 1950 पासून बीजिंगमध्ये बेइहाई तलावावरील बर्फ केव्हा वितळतो, रानपीच केव्हा फुलतो आणि पाकोळ्या केव्हा दिसतात, हे वर्षानुवर्षे रोजनिशीत लिहीत होता, आणि 1963 मध्ये देशभर एकाच पद्धतीने अशी निरीक्षणे घेणारी केंद्रे त्याच्या पुढाकाराने सुरू झाली.

जूच्या पुराव्यांतील सर्वांत बोलका पुरावा सतराव्या शतकाच्या मध्यातील आहे. 1653 ते 1656 या काळात बीजिंगला आलेल्या थान छ्यान या इतिहासकाराच्या प्रवासवृत्तातून कालव्याचे पाणी केव्हा गोठले आणि केव्हा मोकळे झाले हे कळते. विसाव्या शतकातील नोंदींशी ताडून पाहता त्या वर्षांतील गोठणकाळ बराच लांब निघतो. 1635 च्या ग्रंथात वर्णिलेला तक्ता याच कडक काळातला असल्याने, त्यातील एक्याऐंशी पाकळ्या रंगून झाल्यावरही काही वर्षी नावाड्यांना बर्फ फुटण्याची वाट पाहावी लागली असण्याची शक्यता आहे.