जोन्स, शॅरन
(४ मे १९५६ – १८ नोव्हेंबर २०१६). सोल या संगीतप्रकारातील कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका. जन्म जॉर्जियातील ऑगस्टा येथे. रूप, वर्ण व वय यांची सबब पुढे करून ध्वनिमुद्रण-व्यवसायाने अव्हेरल्यामुळे, न्यूयॉर्कमधील रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची आणि चिलखती गाडीवर रखवालदाराची चाकरी करीत, लग्नसमारंभांतून गात, त्यांनी चाळिशी गाठली. सोल गायक ली फील्ड्स यांच्या ध्वनिमुद्रणासाठी तीन सहगायिकांना पाचारण केले असता एकट्या जोन्सच हजर झाल्या आणि तिन्ही भाग त्यांनीच गायिले, हा प्रसंग निर्णायक ठरला. डॅप-किंग्ज या वाद्यवृंदासह पहिला अल्बम २००२ मध्ये निघाला. सोलच्या जुन्या शैलीचे अनुकरण हा त्यांच्यावरील आक्षेप वरवरचा होय. ती शैली त्यांच्या बालपणीचीच होती. २०१३ मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यावरही, औषधोपचाराने केस गेलेल्या मस्तकानिशी, टोप न घालता, त्या रंगमंचावर नाचत गात राहिल्या.