सर्पगंधेची कुळकथा

सर्पगंधा हे दीड-दोन फूट, फार तर तीन फुटांपर्यंत वाढणारे झुडूप. पश्चिम घाटातील सावलीची राने, हिमालयाचा पायथा, आसाम, ब्रह्मदेश आणि पुढे जावापर्यंत ते आपोआप उगवते. महाराष्ट्रात अडकई हेही त्याचे एक नाव. खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने येतात. फुलांच्या पाकळ्या पांढऱ्या असल्या तरी देठ लालभडक असल्यामुळे तुरा दुरूनही ओळखू येतो. फळे पिकली की जांभळट काळी होतात. औषध म्हणून वापरली जाते ती मुळी. ती वाकडीतिकडी असते, साल करडी-पिवळट, आतला गाभा फिकट. वास जवळजवळ नसतो, चव मात्र जहाल कडू. या मुळीच्या वापराने चार शतकांत आशियातून युरोपात आणि तिथून अमेरिकेत प्रवास केला, आणि वाटेत मुळी कशावर द्यायची हेही बदलत गेले.

सर्वांत जुना वापर सर्पदंशावरचा. मुंगूस नागाशी झुंजण्याआधी ही मुळी खाते, असा समज भारतात आणि आग्नेय आशियात सर्वदूर होता. सर्पगंधा आणि नाकुली ही नावे प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत आढळतात. ती याच झुडपाची आहेत का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लोकवैद्यकात मात्र विंचू-सापाच्या विषावर, तापावर आणि पोटदुखीवर मुळी उगाळून देण्याची चाल पक्की होती.

युरोपला या वापराची ओळख गोव्यातून झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. स्थानिक वैद्य, हकीम आणि व्यापारी यांच्याकडून मिळवलेली माहिती त्याने संवादांच्या रूपात लिहिली, आणि 1563 मध्ये ते पुस्तक गोव्यातच छापले गेले. त्यात ‘सापाचे लाकूड’ या नावाने काही मुळ्यांचे वर्णन आहे आणि मुंगसाची कथाही आहे. त्यांपैकी एक मुळी सर्पगंधेची असावी, असे अभ्यासक मानतात. कार्लुस क्लुसियस या वनस्पतिज्ञाने या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप 1567 मध्ये अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला. लॅटिन ही तेव्हा युरोपातील सर्व विद्वानांची भाषा असल्याने गोव्यात टिपलेले ज्ञान तिथल्या वैद्यांच्या हाती पडले. तरी सर्पदंशावर ही मुळी गुणकारी असल्याचे पुढे सिद्ध झाले नाही, आणि पुढील साडेतीन शतके युरोपीय वैद्यकात तिला मोठे स्थान मिळाले नाही.

या काळात वनस्पतीला शास्त्रीय नाव मिळाले, तेही तिसऱ्याच खंडातून. फ्रेंच वनस्पतिज्ञ शार्ल प्ल्युमिये याने 1703 मध्ये उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पतींसाठी ‘राउवोल्फिया’ ही प्रजाती स्थापली. नाव दिले ते लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ. हा वैद्य सोळाव्या शतकात वनस्पतींच्या शोधात अलेप्पो आणि बगदादपर्यंत गेला होता. भारतात तो कधीच आला नाही. भारतीय सर्पगंधा स्वीडिश वनस्पतिज्ञ लिनियसने आधी वेगळ्या प्रजातीत घातली होती. तिची जवळची भावंडे अमेरिकेत आणि आफ्रिकेत आहेत हे लक्षात आल्यावर ती राउवोल्फियात आली.

बिहार आणि बंगालमध्ये मात्र मुळीचा दुसराच वापर रूढ होता. बाजारात ती ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. भ्रमिष्ट, हिंसक झालेल्या किंवा झोप उडालेल्या माणसाला तिचे चूर्ण देत. आधुनिक संशोधनाला दिशा मिळाली ती या वापरातून. कोलकात्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. दिवसातून दोनदा 20 ते 30 ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, चूर्ण दिल्यास रुग्ण शांत होतो, त्याला झोप लागते आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदवले. रक्तदाबाचे हे निरीक्षण नवे होते. मनगटाच्या नाडीवरून रोग ओळखणाऱ्या परंपरेत रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. ते हाती आल्यावर जुन्या औषधाचा हा गुण दिसला.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त क्रियाशील द्रव्ये, वेगळी केली. त्यांतील एकाला त्यांनी संस्थेचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. दोन वर्षांनी रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात केलेल्या प्रयोगांतही रक्तदाब उतरवण्याचा आणि शामक असे दोन्ही गुण दिसून आले.

मुळीचा हा उपयोग पाश्चात्त्य डॉक्टरांपर्यंत मुंबईतून पोहोचला. तिथले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील अनुभव 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून मुळीच्या गोळ्या आपल्या रुग्णांना देऊन पाहिल्या. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी 1952 मध्ये मुळीतून ‘रेसर्पिन’ वेगळे केले. मुळीचे चूर्ण ग्रॅममध्ये द्यावे लागे, रेसर्पिन मिलिग्रॅमच्या अंशात पुरे. न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात काम करणाऱ्या नेथन क्लाइन यांनी 1954 मध्ये मानसिक आजारांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिहारच्या बाजारातला वापर अशा रीतीने अमेरिकेच्या रुग्णालयांत पोहोचला. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी 1956 मध्ये प्रयोगशाळेत रेसर्पिन तयार करून दाखवले. 1957 चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

रेसर्पिनमुळे मेंदूच्या अभ्यासालाही मोठी चालना मिळाली. ते दिले की मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, असे अमेरिकी संशोधकांना 1955 मध्ये आढळले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामीन बनते ते द्रव्य, टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. यातून डोपामीनचे महत्त्व आणि पार्किन्सन विकाराचे मूळ कळत गेले. या कामासाठी कार्लसन 2000 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. औषध घेणाऱ्या काही रुग्णांत औदासीन्य दिसले, आणि नैराश्याचा संबंध मेंदूतील रसायनांशी जोडणाऱ्या सिद्धान्ताला त्यातून आधार मिळाला. दुसरीकडे, तीव्र उच्च रक्तदाबावर उपचार केल्यास गंभीर गुंतागुंत टळते हे 1967 च्या एका अमेरिकी चाचणीने दाखवले. त्या चाचणीतील तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते.

मागणीचा भार मात्र रानावर पडला. मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचे, आणि भरपूर अल्कलॉइड हवे तर ते दोन-तीन वर्षांचे होऊ द्यावे लागते. एवढी वाट न पाहता होणाऱ्या खणतीने झुडूप विरळ होऊ लागले, तेव्हा भारत सरकारने मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. औषध कंपन्या आफ्रिकेतील ‘राउवोल्फिया व्हॉमिटोरिया’ या झाडाकडे वळल्या. काँगोतून येणाऱ्या त्याच्या मुळांत रेसर्पिनचे प्रमाण भारतीय मुळीपेक्षा जास्त असते. नायजेरियातील योरुबा वैद्य हेच झाड तीव्र मानसिक विकारांवर फार पूर्वीपासून वापरत आले होते. त्यांच्या उपचाराचा अभ्यास 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन खंडांतील वैद्यांनी एकमेकांपासून दूर राहून, एकाच प्रजातीच्या दोन झाडांचा एकच गुण ओळखला होता.

उलट दिशेचा प्रवासही झाला. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ‘राउवोल्फिया टेट्राफिला’ हे झुडूप भारतात येऊन अनेक राज्यांत रानटी वाढू लागले. त्याच्या पेऱ्यावर लहानमोठी चार पाने असतात. बाजारात त्याची मुळे अस्सल सर्पगंधेत मिसळली जातात. अशा भेसळीमुळे मात्रेचा अंदाज चुकतो.

सर्पगंधा 1990 पासून संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या परदेशी व्यापाराला परवाना लागतो. रानातील खणती थांबावी म्हणून लागवडीला उत्तेजन दिले जाते. नवी औषधे आल्याने रेसर्पिनचा वापर आता थोडाच उरला आहे. अजमलीन मात्र हृदयाच्या विद्युत्प्रवाहातील ब्रुगाडा या आनुवंशिक दोषाचे निदान करण्यासाठी अनेक देशांतील रुग्णालयांत आजही वापरले जाते.