‘ऑक्टोएकोस’ : आठ सुरावटींची दिनदर्शिका

ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमधील उपासनागायन ‘बायझंटाईन गायन’ या नावाने ओळखले जाते. त्यात परंपरेने वाद्ये नसतात. मुख्य गायक सुरावट म्हणतो व साथीदार ‘इसोन’ हा आधारस्वर धरून ठेवतात; तंबोऱ्याशी त्याचे साम्य सहज जाणवते. आपल्या ‘सारेगम’प्रमाणे येथेही पा, वू, गा, दी, के, झो, नी अशी स्वरनामे आहेत.

या गायनाचा पाया म्हणजे ‘ऑक्टोएकोस’, अर्थात आठ ‘एकोस’ची व्यवस्था. त्यांपैकी चार मुख्य व चार त्यांचे उपप्रकार होत. एकोस म्हणजे केवळ स्वरसप्तक नव्हे; रागाप्रमाणेच त्याचे न्यासस्वर आणि स्वरवाक्ये ठरलेली असतात. मात्र राग प्रहराशी जोडला जातो, तर एकोस आठवड्याशी. आठ आठवड्यांत फेरी पूर्ण होते व पुन्हा पहिला एकोस येतो. या व्यवस्थेचे श्रेय परंपरा आठव्या शतकातील दमास्कसचे संत जॉन यांना देते; अभ्यासक मात्र तिची मुळे त्याआधीच्या जेरुसलेममध्ये शोधतात.

याच व्यवस्थेची सीरियन शाखा मुंबईतही नांदते. १६६५ मध्ये जेरुसलेमचे बिशप मार ग्रेगोरिओस मलबारात आले. त्यानंतर तेथे पश्चिम सीरियन उपासनापद्धती हळूहळू रुजली. पुढे सीरियॅक गीते मल्याळममध्ये आली, तरी आठ सुरावटींची चौकट टिकली. केरळात तिला ‘एक्कारा’ म्हणतात. केरळातून आलेल्या कुटुंबांबरोबर ती दादरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स सीरियन कॅथेड्रलसारख्या प्रार्थनास्थळांत पोहोचली.

दोन्ही शाखांच्या जतनात मोठा फरक आहे. ग्रीक गायनाला स्वतःची स्वरलिपी असून १८१४ च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये तिची सुधारणा झाली. २०१९ मध्ये युनेस्कोने या गायनाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सीरियन परंपरा मात्र प्रामुख्याने मौखिक राहिली. ‘बेथ गाझो’, म्हणजे ‘ठेव्याचे घर’, या ग्रंथात गीतांचे शब्द आहेत. चाली गुरुमुखातूनच शिकाव्या लागतात. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणे व पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलेखने झाली. तथापि, स्वरांमधील सूक्ष्म अंतरे पाच रेघांच्या लिपीत पुरती उतरत नाहीत. सोप्या चालीच तेवढ्या राहिल्या, तर कानाने ओळखता येणारी ही दिनदर्शिकाच अपुरी होईल. म्हणूनच आठही सुरावटी शिकवणारा गुरू हाच या परंपरेचा खरा आधार आहे.