अठ्ठावीस दिवसांची खेप: पेम्फिगसची गोष्ट

आजच्या आजाराचं नाव पेम्फिगस. यात आपल्याच रक्तातली प्रतिपिंडं त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर उठतात. पेशी सुटतात, फोड येतात, फुटतात. सुरुवात बहुतेकदा तोंडातून. आणि मालवणात तोंड आलं की निदान ठरलेलं: उष्णता! मग तिरफळ घातलेला बांगड्याचा तिखला बंद, उकड्या तांदळाची पेज सुरू. यात महिने जातात, मग अंगावर फोड. ते बघून माणसं लांब बसतात. पण हा आजार लागट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१९५० च्या आधी पेम्फिगस म्हणजे बहुतेकांना मरणच. उघड्या जखमांतून अंगातलं पाणी जायचं, जंतू शिरायचे. मग स्टेरॉइड आली, माणसं जगू लागली. पण रोजचे मोठे डोस, तेही महिनोन्‌महिने. हाडं ठिसूळ, साखर वाढलेली. काही जण तर औषधाच्याच त्रासानं गेले. १९६४ साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी रक्तातली ती प्रतिपिंडं दाखवली. तेव्हा कळलं, बाहेरून काही आलेलंच नाही.

आपल्याकडचं वळण दिल्लीच्या एम्समधलं. डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. रामजी गुप्ता यांनी १९८४ मध्ये 'पल्स' पद्धत मांडली. सलग तीन दिवस सलाइनमधून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड. दर २८ दिवसांनी पुन्हा तेच. फोड गेले तरी पुढे कित्येक महिने चालूच.

आता हिशोब करा. वर्षाला तेरा खेपा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. त्याआधी मालवणातून मुंबई म्हणजे रातराणी एसटी, आणि पाठीवर ओल्या जखमा. दुसरी किंमत कमी बोलली जाते: सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. म्हणून लग्न व्हायचं असलेल्यांसाठी डॉक्टर वेगळं औषध शोधायचे.

या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट मात्र केळीच्या पानाची. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची ड्रेसिंग वापरून अभ्यास केला, २००३ मध्ये तो छापून आला. पान जखमेला चिकटत नाही, काढताना सालटं निघत नाहीत. पेम्फिगसच्या रुग्णालाही आपल्याकडे केळीच्या पानावर झोपवतात. ज्या पानावर आपण जेवतो, त्याच पानावर!

पुढे रिटुक्सिमॅब आलं. प्रतिपिंडं बनवण्यामागच्या बी पेशींनाच ते संपवतं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याची भारतीय आवृत्ती काढली. अमेरिकेत पेम्फिगससाठी अधिकृत मान्यता मिळाली २०१८ मध्ये. सुरुवातीला पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन सलाइन. तेराच्या जागी दोन खेपा, आणि पुढची सलाइन काही महिन्यांनी.