जालन्याचा पैसा आणि प्रोझोन

मॉल म्हटलं की पुणे-मुंबई आठवते. पण मराठवाड्यालाही मोठा मॉल मिळाला २०१० मध्ये, औरंगाबादच्या चिकलठाण्यात: 'प्रोझोन'. (शहर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.) मागे आपली प्रोव्होग आणि इंग्लंडची लिबर्टी इंटरनॅशनल. उंच न जाता आडवा पसरलेला. ब्रँडेड दुकानं, फूड कोर्ट, मल्टिप्लेक्स, सगळं एका छताखाली. जालन्याहून साधारण ६० किमी.

आता गंमत बघा. 'जालना सोने का पालना' असं मिरवणारं हे गाव मुळातच बाजारपेठ. १९०० च्या सुमारास निझामाची रेल्वे आली, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको काढली, पुढे स्टीलचे कारखाने आले. लोक इथे माल घ्यायला यायचे. आता इथलाच पैसा रविवारी गाडीत बसून बाहेर जातो.

मॉलला नावं ठेवायची नाहीत. काही न घेता दिवसभर एसीत फिरा, कोणी हटकत नाही, हे बाजारात कुठे होतं? पण "राहू द्या, पुढच्या महिन्यात द्या" हे बिलिंग काउंटरवर ऐकू येत नाही. आणि ती इंग्लिश कंपनी, पुढे 'इंटू' झालेली, २०२० मध्ये कर्जापायी प्रशासकांच्या हाती गेली. जालन्याचा बाजार निझाम गेला तरी चालूच आहे!