घरच्या वर्कशॉपसाठी परवडणारे वेल्डिंग मशीन कसे निवडावे?

गेटची निखळलेली बिजागरी, गंजलेली ग्रिल, झाडांच्या कुंड्यांचा स्टँड, पत्र्याच्या शेडचा सांगाडा. अशी कामे घरीच करता यावीत म्हणून अनेक जण छोटे वेल्डिंग मशीन घेतात. पनवेलकरांना लोखंड मिळवायला लांब जावे लागत नाही, कारण कळंबोलीचा लोखंड बाजार जवळच आहे. अडचण येते ती मशीन निवडताना. बहुतेक ग्राहक खोक्यावरचा '२०० अँपिअर' हा मोठा आकडा पाहतात. आधी पाहायला हवी ती घरातली वीजजोडणी, कारण मशीन किती जोर लावणार हे तीच ठरवते.

कोणत्या प्रकारचे मशीन?

घरगुती कामात बहुतेक वेळा साधे लोखंड, म्हणजे एमएसचे पाइप, अँगल आणि पट्ट्या जोडायच्या असतात. त्यासाठी रॉडने चालणारे आर्क मशीन पुरते. मिग मशीनला तारेचे रीळ आणि बहुधा गॅसचे सिलिंडर लागते. टिग मशीनला आरगॉन गॅस लागतो आणि हातही बराच बसावा लागतो. सुरुवातीला हा खर्च टाळता येतो.

आर्क मशीनमध्ये जुना ट्रान्सफॉर्मर आणि नवा इन्व्हर्टर असे दोन पर्याय असतात. ट्रान्सफॉर्मर दणकट असतो, पण जड असतो, वीज जास्त ओढतो आणि अनेकदा ४१५ व्होल्टवर चालणारा असतो. घरच्या सिंगल फेज २३० व्होल्टसाठी इन्व्हर्टर मशीनच सोयीचे. ते एका हाताने उचलता येते आणि साधी मॉडेल्स साधारण पाच-सहा हजार रुपयांपासून मिळतात.

रॉडवरून करंट, करंटवरून मशीन

दुकानात रॉड गेजच्या नंबरने मागतात. नंबर जितका मोठा, तितका रॉड बारीक.

• १४ नंबर (२ मिमी): पातळ पाइपसाठी, साधारण ४५ ते ६० अँपिअर
• १२ नंबर (२.५ मिमी): ग्रिल, गेट, स्टँडसाठी, साधारण ७० ते ९० अँपिअर
• १० नंबर (३.१५ मिमी): जाड अँगल आणि प्लेटसाठी, साधारण १०० ते १३० अँपिअर

घरची बरीचशी कामे १२ नंबरच्या रॉडने होतात. म्हणजे गरज ९० अँपिअरची असते. खरोखर १४० ते १६० अँपिअर देणारे मशीन त्यासाठी भरपूर झाले.

घरची लाइन किती सोसेल?

रॉडच्या टोकाशी ८० अँपिअर आणि सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे साधारण १,८५० वॉट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज धरली तर मीटरकडून २,३०० वॉटच्या आसपास घेतले जातात. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने वायरमधून जाणारा करंट १५ अँपिअरपर्यंत पोहोचतो. १६ अँपिअरच्या सॉकेटची ही जवळजवळ मर्यादाच आहे. १० नंबरच्या रॉडसाठी ११० अँपिअर लावले की हाच करंट २० अँपिअरच्या पुढे जातो. २०० अँपिअर तर घरच्या कोणत्याही सॉकेटवर मिळत नाहीत.

म्हणून मशीनच्या मागची पाटी वाचावी. तिच्यावर इनपुट करंट वेगळा छापलेला असतो. मग महावितरणच्या बिलावरचा 'मंजूर भार' पाहावा. तो कमी असेल तर वाढवण्यासाठी अर्ज करता येतो. १२ नंबरपर्यंतच काम असेल तर २.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरचे, चांगल्या अर्थिंगचे १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट पुरते. त्यापुढे ४ चौ. मिमीची वेगळी लाइन आणि योग्य एमसीबी परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावी. एमसीबी सारखी पडते म्हणून नुसती मोठी बसवली, तर वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि आगीचा धोका वाढतो. लांब एक्स्टेन्शन वापरायचे झाल्यास जाड वायरचे घ्यावे आणि पूर्ण उलगडूनच लावावे.

पैसे घेऊन कामे सुरू केली तर आपली जोडणी कोणत्या वर्गात बसते हे महावितरणकडे विचारून घ्यावे. मंजूर कारणाखेरीज केलेला वापर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरू शकतो.

दुकानात काय तपासावे?

• ड्युटी सायकल: १०० अँपिअरला ६० टक्के लिहिले असेल तर दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाचा आहे ना, हे पाहावे. मे महिन्यात पत्र्याखाली मशीन लवकर तापते.
• केबल: होल्डर आणि अर्थ क्लॅम्पच्या केबलची लांबी व जाडी पाहावी.
• सेवा: दुरुस्ती जवळपास होते का आणि वॉरंटीत काय येते, हे बिल करण्यापूर्वी विचारावे.
• चाचणी: शक्य असल्यास १२ नंबरचे दोन-तीन रॉड सलग जाळून पाहावेत.

पावसाळा आणि सुरक्षितता

कोकणच्या दमट हवेत रॉडचे आवरण ओल धरते. मग आर्क फुटतो आणि जोडात छिद्रे पडतात. पाकीट फोडल्यावर रॉड हवाबंद डब्यात ठेवावेत.

रॉड पेटण्याआधी होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. घामाने भिजलेले कपडे किंवा ओली फरशी असेल तर तेवढेही घातक ठरतात. व्हीआरडी ही सोय असलेले मशीन हा व्होल्टेज कमी ठेवते. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली कोरडी फळी हवीच. भर पावसात उघड्यावर काम करू नये.

बजेटमध्ये १० किंवा ११ नंबरच्या काळ्या काचेचे हेल्मेट आधीच धरावे. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्रास लगेच जाणवत नाही; काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा जस्ताचा थर जोडाजवळ घासून काढावा, कारण त्याच्या धुराने ताप येतो. मोकळ्या हवेतच काम करावे.

मशीनसाठी ठरवलेल्या रकमेतून हेल्मेट, हातमोजे आणि स्वतंत्र सॉकेटचा खर्च आधी वजा करावा. उरलेल्या पैशात १४० ते १६० अँपिअरचे खात्रीचे इन्व्हर्टर मशीन मिळाले, तर घरची बहुतेक कामे त्यावर निभावतात.