सुपाआधीचं माडगं

गेल्या हिवाळ्यात पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे, एका हॉटेलात आम्ही रात्री जेवायला थांबलो होतो. बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी. मेनूकार्डावर टोमॅटो सूप, स्वीट कॉर्न सूप आणि त्यांच्या खाली 'कुळीथ सूप' छापलेलं होतं. मुलानं तेच मागवलं. पांढऱ्याशुभ्र बाऊलमधून ते आलं, वर कोथिंबिरीचं एक पान. मी एक चमचा चाखला आणि म्हटलं, "अरे, हे तर तुझ्या दादीचं माडगं!" तो म्हणाला, "मग तुम्ही आम्हाला कधी खाऊ का नाही घातलंत?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आमच्या अम्माला 'सूप' म्हणजे धान्य पाखडायचं सूप एवढंच ठाऊक होतं. संस्कृतात मात्र सूप म्हणजे डाळीचं पातळ कालवण आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. मराठीत छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पाककृतींच्या पुस्तकांपैकी एक 1875 साली निघालं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या त्या पुस्तकाचं नावच 'सूपशास्त्र' आहे. आज आपण हॉटेलात मागवतो ते सूप इंग्रजीच्या वाटेनं आलं. फारसीतून शोरबा आला, आमच्या घरात त्याचा शेरवा झाला. नावं बदलत गेली. संध्याकाळी गरम, पातळ आणि पोटाला आधार देणारं काही हवं, ही गरज मात्र फार जुनी आहे.

चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तर अशा पातळ अन्नाची पायरीपायरीनं मांडणी आहे. तांदूळ शिजवून वरचं नुसतं पाणी घेतलं तर तो मंड, त्यात थोडी शितं असली तर पेया, दाट झाली की विलेपी. त्यानंतर कडधान्याचा यूष आणि मग मांसरस. शोधन-उपचारानंतर रोग्याची भूक हळूहळू जागी करायचा हा क्रम. त्यातला मुगाचा यूष म्हणजेच आपलं मुगाचं कढण. गंमत अशी, की संस्कृत यूष आणि लॅटिन 'यूस' हे शब्द भाषाशास्त्रज्ञ एका कुळातले मानतात. त्या लॅटिन शब्दातूनच पुढे इंग्रजी 'ज्यूस' आला. कुळथाचा यूषही या ग्रंथांत आहे. तो उष्ण, खोकला आणि दम यांवर उपयोगी, असं सांगितलं आहे.

हा कुळीथ म्हणजे घाटावरचा हुलगा. हलक्या, मुरमाड जमिनीत, थोडक्या पावसावर येणारं कडधान्य. कोकणात तो शिजवून त्याच्या पाण्याचं कळण करतात, पिठाची पिठी करतात. घाटावर भाजून दळलेल्या पिठाचं माडगं होतं. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे तिथं आणि शेजारच्या आंबेगाव-जुन्नरकडे हिवाळ्यात शेंगोळे होतात. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. वळ्या शिजतात आणि पाण्यालाही दाटपणा येतो. एका भांड्यात जेवण तयार. भाकरी असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

आता हे माडगं पिंपरीच्या चाळीत कसं पोचलं ते सांगतो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आलं. त्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को उभी राहिली. 1970 साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. यंत्रं आली तशी माणसंही आली. 1972 च्या दुष्काळानं आणखी कितीतरी जणांना गाव सोडायला लावलं. आमचे अब्बा त्यांतलेच. 1973 साली पारनेर तालुक्यातून ते पिंपरीला आले. मी तेव्हा तीन वर्षांचा. सोबत एक ट्रंक, वळकटी आणि हुलग्याच्या पिठाचं गाठोडं.

कारखान्यात तीन पाळ्या. दुसरी पाळी सुटून अब्बा घरी येईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजत. इतक्या उशिरा भाकरी-कालवण खाऊन झोपलं की पोट जड होतं, आणि उपाशी झोपावं तर झोप येत नाही. अम्मानं त्यावर काढलेला उपाय म्हणजे माडगं. स्टोव्हवर पातेलं चढलं, की लसणाच्या फोडणीचा वास चाळभर जायचा. आमच्या ओळीत सगळ्यांच्याच घरी पाळ्या होत्या, त्यामुळे सगळ्यांकडे असं काहीतरी शिजायचं. मालवणच्या काकूंकडे कळण, वाईच्या काकूंकडे मुगाचं कढण, आमच्याकडे माडगं आणि पगाराच्या आठवड्यात पायाचा शेरवा. वाट्या इकडून तिकडे जात. 1999 साली रमजान डिसेंबरात आला होता. त्या महिन्यात कितीतरी संध्याकाळी आमचा रोजा खजुरामागोमाग वाईच्या काकूंच्या कढणानं सुटला.

मग हे माडगं आमच्या घरातून गेलं कुठं? ते मी घालवलं.

हुलगा बैलांना भरडून घालतात. इंग्रजीत तर त्याचं नावच घोड्याचं कडधान्य असं आहे. पाचवीत असताना वर्गात कोण रात्री काय जेवलं यावर गप्पा चालल्या होत्या. मी माडगं म्हणालो आणि मुलं हसली. एकानं बैलाचा हंबरडा काढून दाखवला. पुढे एकदा मित्र घरी आला. पातेल्यात काय आहे, असं त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, "टोमॅटोचं सूप." ते तोपर्यंत मी चाखलंसुद्धा नव्हतं. अम्मा शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्यासमोर माडगं शिजणं कमी झालं, मग बंदच झालं. अब्बांसाठी ती रात्री गुपचूप करत असावी. अखेरच्या आजारपणात मी तिला विचारलं, "अम्मा, माडगं कसं करायचीस?" ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं बेटा? गरिबाची चीज ती."

राजवाड्यातल्या पक्वान्नांच्या कृती पोथ्यांत मिळतात. माडगं शिजवणाऱ्या बायांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती ती आली त्या माझ्यासारख्यांना माडग्याची लाज वाटली. गरिबाच्या ताटाचा इतिहास असा एका पिढीत पुसला जातो. परक्याची त्याला गरज लागत नाही, घरचं माणूस पुरतं.

शेवटी गावाकडच्या फुफूनं मला कृती सांगितली. दोन माणसांना तीन मोठे चमचे भाजलेल्या हुलग्याचं पीठ अर्धा कप गार पाण्यात गुठळी न होता कालवून ठेवा. चमचाभर तेलात जिरं, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, चिमूटभर हळद घाला. तीन कप पाणी ओतून उकळी आणा. कालवलेलं पीठ हळूहळू सोडत ढवळत राहा, मीठ घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजू द्या. आंबट आवडत असेल तर दोन आमसुलं. 100 ग्रॅम हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणूनच पोटाला हलकं असूनही ते सकाळपर्यंत पुरतं.

आज कारखान्यांचा पट्टा चाकणच्या पुढे गेला आहे. 2009 साली तिथं फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले, मागोमाग आणखी आले. आता मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारमधली तरुण मुलं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात आणि रात्रीची पाळी सुटल्यावर नूडल्सचं पाकीट फोडतात. त्यांच्याही गावी, त्यांच्याही आईच्या हातचं असं एखादं माडगं असणारच. त्यांनी ते आजच फोन करून विचारून घ्यावं. मी विचारलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

कार्यक्रम संपला की आपण मराठीत 'सूप वाजलं' म्हणतो. माझ्या बोलण्याचं सूप आता वाजलं. आमच्या घरात मात्र माडग्याचं पातेलं पुन्हा चढलं आहे. परवा मुलाच्या मित्रानं विचारलं, "हे काय आहे?" मुलगा म्हणाला, "माडगं. आमच्या दादीचं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)